ट्रेवरची थ्री-ओ-एट कितीला पडली

खोटं बोलत असेन तर माझी कवळी आत्ताच्या आत्ता ह्या चहाच्या कपात पडो. काशीच्या गंगेची शपथ, आणि गंगा लांब पडते म्हणून इथल्या वायकाटो नदीचीही शपथ. फ्लॅट बुशच्या रमणची आणि त्या शिकारी बंदुकीची गोष्ट शब्दन् शब्द खरी आहे. त्यातला हंससुद्धा खरा. ज्याला पटत नसेल त्याने आत जाऊन भांडी घासावीत, मध्ये तोंड घालू नये.

तर हा रमण. पुण्याचा इंजिनियर, वय सत्तेचाळीस, ऑकलंडात नोकरी, फ्लॅट बुशला चार बेडरूमचं घर, बायको विनया हॉस्पिटलात नर्स, मुलगी सिद्धी. कशात काही कमी नाही. पण पोटात एक निखारा. त्या निखाऱ्याचं नाव देवव्रत.

देवव्रत म्हणजे रमणचा हॉस्टेलपासूनचा दोस्त. एका खोलीत चार वर्षं राहिले, अकरा वर्षांपूर्वी बरोबरच न्यूझीलंडला आले. देवव्रत राहतो पापाकुराला, बायको इरावतीबरोबर. वाईट माणूस नाही हो, अजिबात नाही. अडीअडचणीला धावून येतो. पण त्याला प्रत्येक गोष्ट स्वस्तात मिळते. घर घेतलं ते भाव चढायच्या आदल्या महिन्यात. फ्रीजर घेतला, तो विकणाऱ्याने वर मासे भरून दिले. आणि आपली माणसं कशी असतात ते माहितीये ना? गोरा माणूस नवीन वस्तू बघून म्हणतो, छान आहे. आपण तिला हात लावायच्या आधी विचारतो, कितीला पडली?

देवव्रत ह्या प्रश्नाची वाटच बघत असायचा. जरा थांबायचा, चहाचा घोट घ्यायचा आणि आकडा सांगायचा. मग सगळे 'काय सांगतोस' म्हणायचे. विनयाही म्हणायची. घरी जाताना गाडीत वर म्हणायची, "देवव्रतला बघ जरा. नाहीतर आपण. दुकानदार मागेल तेवढे देऊन वर थँक्यू म्हणतो."

रमण मोटरवेकडे बघत गाडी हाकायचा. जबडा आवळलेला.

चार वर्षांपूर्वी दोघांना शिकारीचं वेड लागलं. इकडे हरणं मारायला कुणी नाही म्हणत नाही, उलट फार झालीत म्हणून तक्रार असते. दोघांनी मिळून क्लास केला, परीक्षा दिली, घरी तपासणीला माणूस येऊन गेला, गॅरेजच्या भिंतीला पोलादी कपाट ठोकलं, लायसन्स आलं. रमणने दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन नवी बंदूक घेतली. काळा प्लॅस्टिकचा दस्ता, छापील किंमत.

त्याच आठवड्यात देवव्रत आला तो अक्रोडाच्या लाकडाची, मधासारख्या रंगाची बंदूक घेऊन. वापरलेली.

"टुआकाऊचा एक शेतकरी ऑस्ट्रेलियाला चाललाय," देवव्रत म्हणाला. "त्याला न्यायची कटकट नको होती."

"कितीला पडली?" विनयाने विचारलं. रमणने नाही विचारलं. त्याने दात विचकून कौतुकाचा चेहरा केला होता, तो सांभाळण्यातच सगळी शक्ती जात होती.

देवव्रतने चहाचा घोट घेतला. "चारशे डॉलर. स्कोपसकट."

रमणच्या बंदुकीच्या नुसत्या स्कोपला, वरच्या दुर्बिणीला, त्याहून जास्त पडले होते.

"रम्या, नवी बंदूक घेणारा म्हणजे दुकानाचा जावई," देवव्रत समजावून सांगायला लागला. हे समजावणं तर सगळ्यात वाईट. "अरे लोक हौसेने घेतात, दोनदा पावसात डोंगर चढतात, गुडघे दुखतात, मग दहा वर्षं ती कपाटात. नळी नव्यासारखी. आपण फक्त तीन गोष्टी बघायच्या. नळीत उजेड धरायचा, गंज दिसतो का. गोळी आत ढकलणारा बोल्ट बंद करायचा, लोण्यासारखा गेला पाहिजे. आणि दस्त्याला चीर आहे का बघायचं. बाकी माणूस वाचायचा."

पुढच्या वर्षी पुकेकोहेच्या एका म्हातारीकडून दुसरी आली. तिला म्हणे शिवणाच्या मशीनला जागा हवी होती. त्यानंतर तिसरी. दर खंडेनवमीला सगळी मित्रमंडळी शस्त्रपूजेला देवव्रतकडे जमायची, कारण शस्त्रं त्याच्याकडे. लॅपटॉप, ड्रिल मशीन, विनयाचा स्टेथोस्कोप हे सगळं कडेला आणि मध्ये त्या तीन बंदुका, रिकाम्या, बोल्ट काढलेल्या, झेंडूची फुलं वाहिलेल्या. रमणची काळी प्लॅस्टिकची गवत कापायच्या यंत्रापलीकडे. काशिनाथकाका, सगळ्यांत वडीलधारे, त्या तिघींना हळदकुंकू वाहायचे आणि चौथीला उरलंसुरलं.

रमणला सगळं सहन झालं असतं. ते उरलंसुरलं कुंकू नाही झालं.

एके दिवशी नेमबाजीच्या रेंजवरून परत येताना देवव्रत बोलून गेला. वायुकूला ट्रेवर म्हणून एक म्हातारा आहे, आयुष्यभर गाईगुरं केली, आता गुडघे गेले. त्याची थ्री-ओ-एट बंदूक विकायचीय. "रम्या, काय लाकूड आहे. चाळीस वर्षं त्याने तेलाने पुसलीय. सोळाशे मागतोय. मी तीनदा जाऊन आलो, किमतीचं नावच काढलं नाही. नुसता बसतो, चहा पितो, इरावतीच्या हातचं लिंबाचं लोणचं देतो. ख्रिसमसपर्यंत नऊशेवर येईल बघ. फळ पिकू द्यायचं."

रमण "भारी" म्हणाला. मनात म्हणाला, फळ आपण तोडू.

शनिवारी सकाळी विनयाला 'टायर बघून येतो' सांगून तो निघाला. ट्रेवरच्या फाटकापाशी गाडी लावली आणि आत पाऊल टाकलं, तर समोर हंस. पांढराधोप, रमणच्या छातीपर्यंत उंच, चोच दाराच्या कडीएवढी. ट्रेवर नंतर सांगत होता की हा हंस अठ्ठावीस वर्षांचा आहे आणि त्याने दोन टपालवाले बदलायला लावले. मनात कपट घेऊन आलेला माणूस त्याला लांबूनच कळतो. देवव्रतला त्याने तीनदा वाट दिली होती. रमणला नाही दिली. पँटच धरली. रमण पुढे, हंस मागे, पँट दोघांच्या मध्ये. शिवण कमरेपासून गुडघ्यापर्यंत उसवली आणि उरलेली पँट घेऊन हंस तळ्यात उतरला.

नशीब म्हणून लायसन्स, फोन आणि गाडीची किल्ली शर्टाच्या खिशात होती.

ट्रेवरने शांतपणे त्याला आपली एक जुनी रग्बीची चड्डी आणून दिली, निळ्या पट्ट्यांची. ती घालून रमण स्वयंपाकघरात बसला. टेबलावर लोणच्याची बरणी, अर्धी झालेली.

"तू देवव्रतचा दोस्त का?" ट्रेवर म्हणाला. "छान माणूस. उद्या येणार आहे."

उद्या हा शब्द ऐकला आणि रमणचं डोकं फिरलं. ट्रेवरने कपाटातून बंदूक काढली, रिकामी असल्याचं दाखवलं, त्याच्या हातात दिली. काय ती बंदूक. गुळाच्या पाकासारखा दस्ता, हाताच्या जागी चाळीस वर्षांच्या तळव्याने आलेला गुळगुळीतपणा. रमणने नळीत उजेड धरला. स्वच्छ. बोल्ट सरकवला. लोणी. चीर कुठेच नाही. देवव्रतने शिकवलेलं सगळं देवव्रतच्याच बंदुकीवर वापरलं त्याने.

"सतराशे देतो," रमण म्हणाला.

ट्रेवर किटलीत पाणी भरत होता. त्याला एका कानाने कमी ऐकू येतं. त्याने किटली गॅसवर ठेवली.

रमणला वाटलं, म्हातारा ताणतोय. "अठराशे. आत्ता. लगेच."

ट्रेवर वळला. बराच वेळ रमणच्या तोंडाकडे बघत राहिला. "मी सोळाशे सांगितलेत, मेट."

"माहितीये."

"बरं," ट्रेवर म्हणाला. "स्वीट ॲज." म्हणजे इकडच्या भाषेत झकास.

जगात घासाघीस करून किंमत वर नेणारा आपल्यातला हा पहिलाच. पैसे गेले, लायसन्स बघून झालं, रजिस्ट्रीत बंदूक रमणच्या नावावर चढली, आणि रमण निळ्या पट्ट्यांच्या चड्डीत मोटरवेला लागला. छाती एवढी फुगलेली की सीटबेल्ट कमी पडला.

घरात शिरला तर विनया ओट्याशी पोळ्या लाटत होती. तिने आधी चड्डी बघितली, मग हातातली लांबलचक पेटी.

"टायर कुठेयत?"

रमणने पेटी उघडली. विनयाला बंदुकीतलं काही कळत नाही, पण लाकूड कळतं. पिठाचे हात पुसून तिने दस्त्यावरून बोट फिरवलं. आणि विचारलंच.

"कितीला पडली?"

आता खरं सांगायचं तर चड्डीपासून सांगावं लागलं असतं. रमणने एवढा वेळ घेतला की तेवढ्यात त्याला देवव्रतचा चहाचा घोट आठवला. त्याने ओट्यावरचा पाण्याचा पेला उचलला, एक घोट घेतला.

"साडेतीनशे."

"काय सांगतोस."

हे तीन... दोन शब्द म्हणा हवं तर, पण विनयाने ते त्याच्याकडे बघून म्हटलेले ही पहिलीच वेळ. तिने त्याला जेवायला वाढलं, वर तूप जास्त घातलं. सिद्धी जिन्यावरून डोकावून म्हणाली, "नाइस शॉर्ट्स, डॅड." रमणला तेही कौतुकच वाटलं. जेवण होईपर्यंत विनयाने ग्रुपवर फोटो टाकला होता, आकड्यासकट.

तासाभरात देवव्रत दारात हजर. जँडल्स, इकडच्या रबरी चपला, उलटसुलट घातलेल्या.

"ट्रेवरची?" तो म्हणाला. आत आला, बसला नाही. गॅरेजमध्ये जाऊन बंदूक हातात घेतली. नळी बघितली, बोल्ट सरकवला, दस्ता उजेडात फिरवला. मग खूप वेळ नुसता अंगठा त्या गुळगुळीत जागेवर घासत राहिला.

"साडेतीनशेला दिली त्याने तुला."

"हो ना. काय झालं कुणास ठाऊक. म्हणाला, तूच घे."

"मी तीन बरण्या लोणचं दिलं त्याला, रम्या."

"माणूस वाचायचा असतो, देव्या," रमण म्हणाला.

काय चेहरा झाला देवव्रतचा. रमणने तो चेहरा अकरा वर्षं आरशात बघितला होता, दुसऱ्याच्या मानेवर पहिल्यांदाच. ओठ हसतायत आणि डोळे पेटलेत. ते बघून रमणला इतकं बरं वाटलं की लाजसुद्धा वाटली, पण थोडीच. देवव्रत ट्रेवरला जाऊन विचारेल ही भीती होती. पण नाही विचारलं त्याने. तोंडचा घास गेल्यावर वाढणाऱ्याला कुणी जाऊन विचारतं का, की दुसऱ्याला किती वाढलास?

त्या वर्षी खंडेनवमी ऑक्टोबरातल्या लेबर वीकेंडला, कामगार दिनाच्या सुट्टीत आली. काशिनाथकाकांनी जाहीर केलं, पूजा यंदा रमणकडे. गॅरेज धुतलं, रांगोळी काढली. शटर वर केलं आणि काय ऊन पडलं होतं, असं लख्ख की ट्रेवरच्या बंदुकीचा दस्ता आतून दिवा लावल्यासारखा पेटला. चौरंगाच्या बरोबर मध्ये ती. देवव्रतच्या तिघी डाव्या हाताला. काकांनी पहिलं कुंकू तिला वाहिलं. रमणला भरून आलं.

देवव्रत समोर मांडी घालून बसला होता. आरती झाली, प्रसाद झाला, तरी त्याची नजर तिथून हलेना. इरावतीने दोनदा कोपराने ढोसलं.

"रम्या," तो एकदम म्हणाला. "सातशे देतो. मला दे ती."

सगळ्यांच्या माना वळल्या.

"अरे, काय बोलतोस," रमण हसला.

"दुप्पट. सरळ दुप्पट देतोय."

"दुप्पट?" काशिनाथकाका म्हणाले. "रमणा, आठ आठवड्यांत दुप्पट? माझ्या फिक्स्ड डिपॉझिटला सांग रे कुणीतरी."

"विकायची नाहीये मला."

"का पण?" हे विनया. खरोखरच कळत नव्हतं तिला. "तुला दुसरी आणता येईल ना. आता तुला जमतं की. साडेतीनशेत आणखी एक आण, उरलेल्यात सिद्धीचा स्कूल कॅम्प होतो."

"तसं नाही गं, ती बंदूक…"

"काय ती बंदूक?"

साडेतीनशेच्या बंदुकीसाठी सातशे नाकारायला माणसाकडे काय कारण असतं? रमणच्या डोक्यात अठराशे हा आकडा घंटेसारखा वाजत होता. एक वाक्य बोललं असतं तर बंदूक वाचली असती. पण त्या वाक्याबरोबर हंस बाहेर आला असता, चड्डी आली असती, किंमत वर नेलेली घासाघीस आली असती. त्याने देवव्रतकडे बघितलं. देवव्रत त्याच्याकडे आशेने बघत होता, आणि त्या आशेच्या खाली तो जळत होता, अजून, आठ आठवड्यांनंतरही. बंदूक दिली तर पैसे जातील. खरं सांगितलं तर हे जळणं जाईल. रमणला वाटलं, पैसे परवडले.

आणि तो विचार करतोय तोवर विनयाच म्हणाली, "दिली. जवळच्याच माणसाकडे जातेय."

काशिनाथकाकांनी ताम्हनातून दोन पानं उचलली. इकडे आपटा कुठला, म्हणून आम्ही इथल्या कावाकावा नावाच्या झुडपाची पानं सोनं म्हणून वाटतो. अगदी हृदयाच्या आकाराची असतात, अळ्यांनी भोकं पाडलेली. ती द्यायची असतात दसऱ्याला, पण काकांनी एक दिवस आधीच एक रमणच्या हातात ठेवलं, एक देवव्रतच्या. "देवासमोर शब्द झाला. आता बदल नाही."

रमणने भोकं पडलेलं ते सोनं शर्टाच्या खिशात ठेवलं. देवव्रतने तिथेच फोन काढून विनयाच्या खात्यात सातशे टाकले, कारण रमण आपला खातेनंबर सांगेना. बंदूक मंगळवारी रीतसर देवव्रतच्या नावावर गेली. तिची पेटी गाडीत ठेवताना देवव्रतने रमणला मिठी मारली. मनापासून मारली. ते जास्त लागलं.

मग रमणच्या कपाटात ती काळी प्लॅस्टिकची एकटी राहिली. तो अधूनमधून कपाट उघडायचा आणि बंद करायचा. विनया विचारायची, "आणतोस ना दुसरी?" तो म्हणायचा, "फळ पिकू द्यायचं."

मे महिन्यात देवव्रतने ट्रेवरच्या बंदुकीने हरीण आणलं. एकच गोळी, पाऊणशे पावलांवरून. रविवारी दुपारी सगळ्यांना पापाकुराला जेवायला बोलावलं, पंगत गॅरेजमध्येच मांडली. इरावतीने हरणाचं सुकं केलं होतं, खोबरं भाजून घातलेलं, भाकरी, सोलकढी. जमलेल्यात काशिनाथकाकांचा भाचा होता, अक्षत नावाचा, नुकताच पुण्याहून आलेला. जेवण झाल्यावर देवव्रतने कपाट उघडून त्याला बंदूक दाखवली. रमण तिथल्याच जुन्या सोफ्यावर बसून होता, विनया त्याच्या शेजारी.

"मस्त आहे, काका," अक्षत म्हणाला. "कितीला पडली?"

देवव्रतने सोलकढीची वाटी उचलली. एक घोट घेतला.

"चारशे."

"काय सांगता."

इरावतीने सोलकढीचं भांडं उचललं आणि आत गेली. देवव्रतची आणि रमणची नजर एकदाच भेटली. देवव्रतच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. रमण एका शब्दाने त्याला तिथेच झोपवू शकला असता. पण साडेतीनशे म्हणून सांगितलेल्या माणसाने चारशेवाल्याला काय बोलायचं?

विनया मात्र पुतळ्यासारखी झाली. सातशे तिच्याच खात्यात आले होते. तिचे डोळे देवव्रतवरून टुआकाऊच्या बंदुकीवर गेले, तिथून म्हातारीच्या बंदुकीवर, तिथून फ्रीजरवर. आणि मग सावकाश, अगदी सावकाश, रमणवर आले.

गाडीत बसल्यावर सिद्धीने कानात हेडफोन घातले. मोटरवे लागला.

"रमण," ती म्हणाली. "ट्रेवरची बंदूक खरी कितीला पडली होती?"

त्याने आरशात बघितलं, मागची गाडी बघितली, स्पीड बघितला. बघण्यासारखं सगळं बघून झालं.

"अठराशे."

"मागत किती होता?"

"सोळाशे."

टाकानिनीचा एक्झिट गेला. विनया खिडकीबाहेर बघत होती, खांदे हलत होते. रमणला वाटलं रडतेय. गाडी बाजूला घेऊ का, असं विचारायला तो वळला, तर ती तोंडात ओढणी कोंबून हसत होती. हसता हसता तिला ठसका लागला.

"आणि मी सातशेला दिली," ती म्हणाली. "देवासमोर." डोळे पुसले. मग एकदम गंभीर झाली. "थांब. म्हणजे इरावतीची ती मोरपंखी पैठणी. साडेतीन हजार रुपयांना घेतली म्हणून तीन दिवाळ्या सांगतेय. मी त्या साडीपायी तीन दिवाळ्या झोपले नाहीये, रमण."

"मला माहीत नव्हतं."

"तुला काय माहीत असतं."

फ्लॅट बुशचा एक्झिट आला तसं ती म्हणाली, "हे कुणाला बोलायचं नाही. आपण दोघांनीच मिटवायचं." आणि तिने गियरवर ठेवलेल्या त्याच्या हातावर हात ठेवला. रमणला अकरा वर्षांचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. पण उतरलं सगळं नाही. ती बंदूक देवव्रतकडेच आहे ना. त्याच्या कपाटात, त्याच्या गॅरेजमध्ये, गुळाच्या पाकासारखी. किंमत खोटी असो की खरी, लाकूड खरं आहे. रमणच्या डोळ्यांसमोरून तो दस्ता अजून हलत नाही, आणि देवव्रतशी फोनवर बोलताना तो हळूच विचारतो, "तेल लावतोस ना रे तिला?"

झाली गोष्ट. शब्दन् शब्द खरी म्हटलं होतं मी, आणि एवढे सगळे माझ्याकडे बघताय म्हणून कबूल करते. एक गोष्ट घातलीय मी पदरची. खंडेनवमीला ऊन पडलं होतं म्हणाले ना, ते नव्हतं. लेबर वीकेंडला ऑकलंडात ऊन कधी बघितलंय कुणी? धो धो पाऊस होता, शटर अर्धं पाडलेलं, आणि दस्ता चमकला तो गॅरेजच्या ट्यूबलाइटमध्ये. पण ट्यूबलाइटमध्ये दुसऱ्याची वस्तू तेवढी डोळ्यांत खुपत नाही, म्हणून ऊन घातलं. बाकी हंसाला जाऊन विचारा. पँट अजून त्याच्याकडेच आहे.